लीफ पेज म्हणजे पानाचं पान? बी-ट्री थरातल्या शब्दांची चर्चा

ऐरोलीकर:
एसक्यूलाइट या डेटाबेसच्या बी-ट्री थरातली फंक्शनं समजावणारी मराठी टिपणं ऐरोली-महापे पट्ट्यातल्या नव्या प्रोग्रामरांसाठी लिहायला घेतली आहेत. या थराच्या वर व्हीडीबीई, म्हणजे एसक्यूएलपासून तयार झालेला बाइटकोड चालवणारं यंत्र. खाली पेजर, म्हणजे फाइलचे सारख्या मापाचे तुकडे ('पेज') आणणारा-नेणारा थर, त्याला पानाचा क्रमांक आणि त्यातले बाइट एवढंच कळतं. मधला बी-ट्री थर या पानांचं झाड रचतो, किल्ली घेतो आणि नोंद शोधून देतो.

अडलंय ते शब्दांशी. 'पेज'ला 'पान' हा घरातला शब्द, पण 'लीफ'लाही पानच. मग 'लीफ पेज' म्हणजे 'पानाचं पान'? 'रूट पेज'ला 'मूळ पान' लिहिलं तर अर्धे वाचक 'पहिलं, न बदललेलं पान' असं समजतात. 'कर्सर'ला, म्हणजे झाडात आपण कुठल्या नोंदीवर आहोत ते धरून ठेवणाऱ्या वस्तूला, 'दर्शक' चालेल का? आणि 'इंटरफेस'ला काय लिहावं?

नौपाडेकर:
'पान' नको म्हणून 'पृष्ठ' घ्यायचा मोह होईल, पण तो टाळा. 'इंटरफेस'ला काही जण 'आंतरपृष्ठ' लिहितात. तुमच्या झाडात मूळ आणि टोक यांच्या मधे असणाऱ्या पानांनाही कुणीतरी 'आंतरपृष्ठ' म्हणणारच. एकाच परिच्छेदात हा शब्द दोन अर्थांनी आला की वाचक हरवला. 'इंटरफेस' तसाच ठेवा, नाहीतर सरळ 'या थराची फंक्शनं' म्हणा. मराठीत तेवढ्यावर भागतं.

'पान' मात्र सोडू नका. 'पान उलटलं', 'पान भरलं', 'पान कोरं आहे' या सगळ्या क्रियापदांचा इथे उपयोग होतो. बदलायचा असेल तर 'लीफ'चा शब्द बदला. वनस्पतीचं पान बाजूला ठेवून त्या पानाचं काम काय ते सांगा: तिथे झाड संपतं, खाली आणखी पान नाही. म्हणून 'टोकाचं पान'.

घणसोलीकर:
'टोकाचं पान' पटलं. मग 'इंटीरियर पेज'ला 'वाटदाखवं पान' म्हणावं का? त्याच्यात पुढची वाट सांगणाऱ्या किल्ल्या आणि खालच्या पानांचे क्रमांक असतात.

कळवेकर:
घणसोलीकर, ते निम्म्याच झाडांना लागू पडतं. या थरात झाडं दोन जातींची असतात. तक्त्याच्या झाडात सगळा मजकूर टोकाच्या पानांवर असतो आणि वरच्या पानांत फक्त पूर्णांक किल्ली आणि 4 बाइटांचा खालच्या पानाचा क्रमांक. तिथे 'वाटदाखवं' अगदी बरोबर. पण इंडेक्सच्या, म्हणजे नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूचीच्या, झाडात वरच्या पानांतल्या किल्ल्या या खऱ्या नोंदीच असतात, त्या खाली पुन्हा लिहिलेल्या नसतात. तिला नुसती पाटी समजून कुणी पुढे गेलं तर एक नोंद हातची गेली.

पुसतानाही हा फरक आडवा येतो. इंडेक्सच्या झाडात वरच्या पानावरची नोंद पुसली की ती जागा रिकामी ठेवता येत नाही, कारण तिच्या डाव्या हाताला खालचं पान लटकलेलं असतं. मग डाव्या बाजूच्या उपझाडातली सर्वांत मोठी नोंद टोकाच्या पानावरून उचलून वर बसवावी लागते. म्हणून 'मधलं पान' म्हणा. तो शब्द फक्त जागा सांगतो, पोटात काय आहे याबद्दल काही दावा करत नाही. पानाचा पहिला बाइट पाहिला की प्रकार कळतो: 13 म्हणजे तक्त्याचं टोकाचं पान, 5 म्हणजे तक्त्याचं मधलं, 10 इंडेक्सचं टोकाचं, 2 इंडेक्सचं मधलं. टोकाच्या पानाचा मथळा 8 बाइटांचा, मधल्याचा 12. जास्तीचे 4 बाइट सर्वांत उजव्या खालच्या पानाच्या क्रमांकाचे.

नौपाडेकर:
पटलं, 'मधलं पान'च ठेवू. आता 'मूळ'. गोंधळ खरा आहे आणि तो रोलबॅकच्या, म्हणजे अर्धवट बदल मागे घेण्याच्या, भागात सर्वांत जास्त होईल. 'बदलण्याआधी मूळ पान जर्नलमध्ये लिहिलं जातं' या वाक्यातलं 'मूळ' झाडाचं की आधीचं? जोडून 'मूळपान' लिहिल्याने कागदावर भागेल, वर्गात बोलताना नाही. 'रूट'चं 'मूळ' पक्कं करा आणि दुसऱ्या अर्थाचं 'मूळ' टिपणातून हद्दपार करा. जर्नलमध्ये जाते ती 'पानाची जुनी प्रत'. 'आधीचं पान' मात्र लिहू नका, त्याचा अर्थ अलीकडच्या क्रमांकाचं पान असाही होतो.

ऐरोलीकर:
'जुनी प्रत' छान आहे. आणखी एक पेच: रिकाम्या पानांच्या यादीत 'ट्रंक' आणि 'लीफ' असे दोन प्रकार आहेत. तिथल्या 'लीफ'लाही 'टोकाचं पान' म्हणायचं?

कळवेकर:
अजिबात नको. ही यादी म्हणजे झाड नाही, साखळी आहे. 'ट्रंक' पानाचे पहिले 4 बाइट पुढच्या तशाच पानाचा क्रमांक सांगतात, पुढचे 4 बाइट इथे किती क्रमांक नोंदलेत ते सांगतात आणि नंतर ते क्रमांक येतात. ज्या पानांचे हे क्रमांक, त्यांना इंग्रजीत 'लीफ' म्हटलंय, पण त्यांच्यात वाचण्यासारखं काही नसतं. पहिल्याला 'यादीपान' आणि दुसऱ्याला 'मोकळं पान' म्हणा. 'खोड' आणलंत तर वाचक त्याला मुळाशी जोडायला जाईल आणि फसेल.

झाडाच्या प्रतिमेची एक मर्यादा टिपणात सुरुवातीलाच लिहा. आपलं झाड टोकाकडून वाढतं, बी-ट्री मुळाकडून वाढतं. मूळ पान भरून वाहू लागलं की त्याचा सगळा मजकूर एका नव्या पानात उतरवला जातो, मूळ पान जवळजवळ रिकामं होतं आणि ते नवं पान त्याच्या खाली लागतं. मग त्या नव्या पानाची शेजाऱ्यांत वाटणी होते. त्यामुळे सगळी टोकाची पानं मुळापासून नेहमी सारख्याच अंतरावर राहतात आणि मूळ पानाचा क्रमांक तोच राहतो. तो राहणं गरजेचं असतं, कारण स्कीमाच्या, म्हणजे कुठलं झाड कुठे आहे ते सांगणाऱ्या, तक्त्यात तोच नोंदलेला असतो आणि कर्सर उघडताना तोच द्यावा लागतो.

घणसोलीकर:
'वाटणी'वरून आठवलं. 'बॅलन्स'ला 'तोल' की 'समतोल'? तोल म्हटलं की तराजूची डावी-उजवी पारडी डोळ्यासमोर येतात आणि ते चित्र बायनरी झाडाचं आहे. मुळात बी-ट्रीमधला 'बी' म्हणजे बायनरी नव्हेच. बायर आणि मॅक्रेट यांनी 1970 साली ही रचना मांडली, पण 'बी' कशाचा ते सांगितलं नाही.

नौपाडेकर:
आणि मराठीत 'बी' म्हणजे बियाणं, म्हणून 'बी-झाड' कधीच लिहू नका. 'बी-ट्री' अखंड ठेवा.

'बॅलन्स'साठी, प्रत्यक्ष काय घडतं ते कळवेकर सांगतील तर शब्द आपोआप सापडेल.

कळवेकर:
भरून वाहणारं पान आणि त्याची लगतची पानं, मिळून जास्तीत जास्त तीन, एकत्र घेतात. त्यांच्या सगळ्या नोंदी ओळीने मांडतात, किती पानं लागतील ते मोजतात आणि नोंदी पुन्हा वाटतात. वरच्या पानातल्या दुभागणाऱ्या किल्ल्याही त्यानुसार बदलतात. पुसल्यावर उलट. पानाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग मोकळा झाला तरच हे काम सुरू होतं, त्याहून कमी असेल तर पान तसंच राहतं. तक्त्यात किल्ल्या चढत्या क्रमाने येत असतील आणि नवी नोंद अगदी उजव्या टोकाला बसत असेल, तर तीन पानं उपसत नाहीत. उजवीकडे एक नवं पान घेतात आणि फक्त ती नोंद त्यात ठेवतात. मागचं पान भरलेलंच राहतं. म्हणून क्रमाने भरलेल्या तक्त्याची फाइल आटोपशीर होते.

नौपाडेकर:
मग शब्द मिळाला: 'फेरवाटणी'. गावातल्या जमिनीला लागतो तोच. शेजारी, हिस्से, नवे बांध, सगळं त्यात आलं. शेजारच्या पानाला 'भावंडपान' म्हणा. फेरवाटणी भावंडांतच होते.

ऐरोलीकर:
हे फार नेमकं झालं. 'सेल'ला, म्हणजे पानातल्या एका नोंदीच्या जागेला, 'पेशी' नको वाटतं. 'गाळा' कसा? वागळे इस्टेटपासून वाशीच्या बाजारापर्यंत सगळ्यांना कळेल.

घणसोलीकर:
गाळा आधी बांधलेला असतो आणि त्याचं माप ठरलेलं असतं. सेलचं तसं नाही. मथळ्यानंतर 2-2 बाइटांचे पत्ते किल्लीच्या क्रमाने लागतात आणि मजकूर पानाच्या शेवटाकडून वर सरकत भरतो. प्रत्येक नोंद आपल्या मापाची. 'गाळा' वाचून नवा माणूस नोंदीच्या क्रमांकाला मापाने गुणून जागा काढायला जाईल आणि भलतेच बाइट वाचेल. 'नोंद' पुरेसा आहे.

'ओव्हरफ्लो पेज'ला, म्हणजे नोंदीचा न मावलेला भाग ठेवायच्या पानाला, 'जोडपान' सुचवतो. 4096 बाइटांच्या पानावर, शेवटी काही राखून ठेवलेलं नसेल तर, तक्त्याची 4061 बाइटांपर्यंतची नोंद टोकाच्या पानावर पूर्ण मावते. 5000 बाइटांची असेल तर किती आत राहील? बरेच जण 4061 आत आणि 939 बाहेर असं धरतात. प्रत्यक्षात 908 आत राहतात आणि 4092 बाहेर जातात. जोडपानाचे पहिले 4 बाइट पुढच्या जोडपानाच्या क्रमांकासाठी असतात, म्हणून त्यात 4092 मावतात आणि हिशेब असा केलाय की जोडपान पूर्ण भरावं. हे उदाहरण टिपणात घ्याच.

ऐरोलीकर:
घेतलं. आता कर्सर. मला यातच सर्वांत जास्त अडतंय.

कळवेकर:
'दर्शक' नको. तो शब्द सी भाषेतल्या पॉइंटरला लागतो आणि दोन्ही वस्तू या थरात शेजारी-शेजारी वापरल्या जातात. 'पेलोड फेच' (नोंदीचा मजकूर मागणारं फंक्शन) केलं की मजकुराचा पॉइंटर मिळतो. तो कॅशमधल्या पानाच्या आतला पत्ता असतो. कर्सर हलला किंवा झाडात काही बदललं की त्या पत्त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मजकूर पुढे लागणार असेल तर आधी आपल्या जागेत उतरवून घ्यावा.

कर्सरची गोष्ट उलटी आहे. त्याच झाडात दुसऱ्या कर्सरने लिहायच्या आधी हा थर बाकीच्या कर्सरांची किल्ली जपून ठेवतो आणि त्यांना 'पुन्हा शोधायला हवं' अशा अवस्थेत टाकतो. फेरवाटणीत नोंद दुसऱ्या पानावर गेली तरी तो कर्सर पुढच्या वेळी किल्लीवरून तिला हुडकून काढतो. पॉइंटर जागा धरून असतो, कर्सर किल्ली धरून. दोघांना एकच शब्द दिला तर हा फरक वाक्यात मांडताच येणार नाही.

नौपाडेकर:
मग 'कर्सर'च राहू द्या, पुल्लिंगी. अनेकवचन 'ते कर्सर', विभक्तीत 'कर्सरांनी'. नाम परकं असलं तरी क्रियापदं आपली घ्या: कर्सर उघडला, नोंदीवर उभा आहे, सरकला, मिटला. 'की'ला 'किल्ली'. 'कळ' कीबोर्डची.

'मूव्ह-टू'च्या, म्हणजे किल्ली शोधून कर्सर तिथे नेणाऱ्या फंक्शनच्या, उत्तराला माझ्याकडे जोडी आहे: अलीकडे आणि पलीकडे. ऋण उत्तर म्हणजे कर्सर किल्लीच्या अलीकडे, शून्य म्हणजे नेमका किल्लीवर, धन म्हणजे पलीकडे.

घणसोलीकर:
नौपाडेकर, तुम्ही ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसलात तर घणसोली कोपरखैरण्याच्या अलीकडे. वाशीहून येणाऱ्याला तेच घणसोली पलीकडे. कर्सर दोन्ही दिशांनी सरकतो, 'नेक्स्ट' आणि 'प्रीव्हियस'. उतरत्या क्रमाने वाचणाऱ्याचं 'अलीकडे' फिरतं, फंक्शनच्या उत्तराचं चिन्ह मात्र फिरत नाही.

नौपाडेकर:
मान्य. 'लहान नोंदीवर' आणि 'मोठ्या नोंदीवर' असं लिहा. लांब आहे, पण कुठूनही बघितलं तरी खरं आहे.

घणसोलीकर:
आणि त्याखाली हे लिहा: किल्ल्या 10, 20, 30 आहेत आणि 25 शोधली, तर कर्सर 20 वर थांबेल की 30 वर, याची हमी नाही. उत्तराचं चिन्ह तपासायचं आणि '25 किंवा मोठी' हवी असेल तर ऋण उत्तर आल्यावर एकदा 'नेक्स्ट' करायचं. झाड रिकामं असलं तरी उत्तर ऋणच येतं आणि तेव्हा कर्सर कशावरच उभा नसतो. न तपासता मजकूर मागितला तर प्रोग्राम तिथेच कोलमडू शकतो.

फिरता-फिरता पुसण्यातही असंच. 20 पुसली की कर्सर कुठे राहील याची हमी नसते. 'जागा जपा' हे चिन्ह देऊन पुसलं, तर तो 30 वर पोचला असल्यास पुढचं 'नेक्स्ट' तिथेच थांबतं. या आतल्या खुणेला 'स्किप-नेक्स्ट' म्हणतात. 'पुढचं वगळा' असं भाषांतर केलंत तर 30 ही नोंदच वगळायची असं वाटेल. वगळायची आहे ती एक हालचाल. 'पुढचं सरकणं वगळा' लिहा.

ऐरोलीकर:
ठरलेल्या शब्दांत एक परिच्छेद लिहून पाहतो:

'फाइल उघडा. लिहायच्या चिन्हासह व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करा. कर्सरसाठी घेतलेली जागा आधी शून्यांनी भरा, मग झाडाच्या मूळ पानाचा क्रमांक देऊन कर्सर उघडा. इंडेक्सचं झाड असेल तर किल्ल्यांची तुलना कशी करायची तेही द्या. नोंद घाला. पान भरून वाहिलं तर भावंडपानांत फेरवाटणी होईल, तुम्हाला काही करावं लागणार नाही. कर्सर मिटा. शिक्कामोर्तबाच्या (कमिटच्या) पहिल्या टप्प्यात जुन्या प्रतींचं जर्नल डिस्कवर पक्कं होतं आणि बदललेली पानं फाइलमध्ये जातात. दुसऱ्या टप्प्यात जर्नल रद्द होतं आणि त्या क्षणी व्यवहार पक्का होतो. मूळ पानाचा क्रमांक कधीच बदलत नाही.'

कळवेकर:
'शिक्कामोर्तब' उत्तम. जर्नलचं वर्णन रोलबॅक जर्नलचं आहे एवढं त्या वाक्यात घाला, डब्ल्यूएएलमध्ये, म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, क्रम वेगळा असतो.

शेवटच्या वाक्यातला 'कधीच' काढा. फेरवाटणीने क्रमांक बदलत नाही, हे खरं. पण ऑटो-व्हॅक्यूम (मोकळी पानं काढून फाइल आपोआप लहान करणं) चालू असलेल्या फाइलमध्ये सगळी मूळ पानं सुरुवातीला एकत्र ठेवतात. तिथे एक तक्ता काढून टाकला की शेवटचं मूळ पान त्या मोकळ्या जागी येऊ शकतं. तक्ता काढणारं फंक्शन हललेल्या पानाचा जुना क्रमांक परत देतं आणि तो पाहून स्कीमातली नोंद बदलणं हे वरच्या थराचं काम. तो क्रमांक वाचलाच नाही, तर पुढचा कर्सर दुसऱ्याच पानावर उघडेल. 'फेरवाटणी झाली तरी मूळ पानाचा क्रमांक तोच राहतो' असं लिहा आणि लगेच पुढच्या ओळीत हा अपवाद द्या.