विषय: टर्नपाइकवर मागून ट्रकने ठोकलं. वकील आत्ताच गाठायचा का?

नमस्कार मंडळी,
गेल्या गुरुवारी न्यू जर्सी टर्नपाइकवर (आमचा टोलचा महामार्ग) एक्झिट ८एच्या अलीकडे लेन बंद होती, आम्ही जवळजवळ थांबलोच होतो. मागून ट्रक आला आणि आमची गाडी पुढच्या एसयूव्हीवर. ह्यांच्या मानेला पट्टा आहे. सासूबाई मागच्या सीटवर होत्या. पोलिसाला म्हणाल्या, "नो नो, आय ॲम फाइन." तिसऱ्या दिवसापासून डाव्या हाताला मुंग्या येताहेत. सहा आठवड्यांनी पुण्याचं परतीचं तिकीट आहे.
ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस रोज फोन करतो, अगदी गोड बोलतो. दहा मिनिटांचं रेकॉर्डेड स्टेटमेंट द्या म्हणे, लगेच चेक पाठवतो. ह्यांचं म्हणणं, दाव्याला दोन वर्षं मुदत आहे, आधी बरे होऊ. कुणाला अनुभव?
– अश्विनी, एडिसन

----

मागून ठोकलं म्हणजे चूक मागच्याचीच, त्यात वाद कसला? वकिलाला भरपाईतले एक तृतीयांश कशाला द्यायचे? चेक घ्या, मोकळे व्हा.
– सुहास

----

सुहासराव, चेकबरोबर रिलीजचा, म्हणजे पुढे काही मागणार नाही असा, कागद येतो. त्यावर सही झाली की पुढच्या महिन्यात एमआरआयमध्ये काहीही निघो, विषय संपला. आणि "मागच्याचीच चूक" आपण म्हणतो. ते म्हणतील तुम्ही अचानक ब्रेक मारला. न्यू जर्सीत आपली चूक निम्म्याहून जास्त ठरली तर हातात शून्य, कमी ठरली तर तेवढी रक्कम कापतात.

अश्विनी, दोन वर्षं ही दावा लावायची मुदत. पुरावा तेवढा थांबत नाही. ड्रायव्हरच्या तासांचा इलेक्ट्रॉनिक लॉग कंपनीने सहा महिने ठेवायचा असतो, गाडीच्या रोजच्या तपासणीचा रिपोर्ट तीन महिने. ट्रक दुरुस्त होऊन रस्त्यावर गेला की ब्रेक कसे होते ते कोण सांगणार? २०१९ मध्ये आम्हाला असंच ठोकलं. मी आठ महिन्यांनी वकिलाकडे गेलो. लॉग मागितला तर उत्तर आलं, मुदत संपली, पुसला. नियमाने त्यांचं काही चुकलंही नव्हतं! वकिलाचं पहिलं काम म्हणजे "काही नष्ट करू नका" असं पत्र पाठवणं. ते ह्याच आठवड्यात जाऊ दे.

नुसता लॉगही पुरत नाही. जून २०१४ मध्ये तुमच्याच पट्ट्यात, क्रॅनबरीजवळ, वॉलमार्टच्या ट्रकने विनोदी नट ट्रेसी मॉर्गनच्या व्हॅनला मागून धडक दिली आणि त्याचा सहकारी गेला, आठवतंय? ताशी ४५ मैलांच्या झोनमध्ये ट्रक ६५ने चालला होता. ड्युटीची १४ तासांची मर्यादा ड्रायव्हरने तोवर ओलांडली नव्हती. पण कामावर यायलाच तो जॉर्जियाहून डेलावेअरला सुमारे ८०० मैल स्वतःची गाडी चालवत आला होता. एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी केंद्राची संस्था) हिशेब काढला तर २८ तास जागा!

त्या गोड माणसाला स्टेटमेंट देऊ नका. स्वतःच्या विमा कंपनीला मात्र कळवा. डॉक्टरची बिलं आधी तुमच्याच पीआयपीतून, म्हणजे गाडीच्या विम्यातल्या उपचाराच्या भागातून, जातात. आणि राज्याबाहेर भाड्याने माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकला केंद्राच्या नियमाने विम्याची किमान रक्कम साडेसात लाख डॉलर आहे, १९८०च्या दशकातली. पुढच्या एसयूव्हीतल्यांनाही लागलं असेल तर त्यातच वाटणी.

सासूबाईंना दावा करायला व्हिसा आड येत नाही. जाण्याआधी इथे तपासणी करा, पुण्यातल्या फिजिओची बिलंही जपून ठेवा. वकिलाची फी जिंकलात तरच, पण केसचा खर्च फी काढण्याआधी वजा होणार की नंतर ते लेखी घ्या. ट्रकच्या दारावरचा यूएसडीओटी नंबर (ट्रक कंपनीचा केंद्राकडचा नोंदणी क्रमांक) कुणी टिपलाय का?
– मिलिंद, प्लेन्सबरो

----

मिलिंददादा, लेकाने इन्स्टाग्रामसाठी काढलेल्या फोटोत दार आलंय, नंबर अर्धा चिखलात. पण ट्रेलरवरचं नाव वेगळं आणि दारावरचं वेगळं! दोन्ही वकिलाला दाखवते, उद्या चारला जातोय. आत्ता सासूबाईंना एमआरआयला नेतेय. गाडीत बसताना विचारत होत्या, "तिथेपण फाइनच म्हणायचं ना?"
– अश्विनी