मुलांच्या संगीतपुस्तकात चित्रं वाढली की स्वर मागे पडतात

समेवर : १८७७ साली लंडनमध्ये चित्रकार वॉल्टर क्रेनचं 'द बेबीज ऑपेरा' हे पुस्तक निघालं. जुनी बालगीतं, सूर बसवले त्याच्या बहिणीनं, लुसीनं. रंगीत छपाई एडमंड इव्हान्सची, लाकडी ठशांवरून. सचित्र संगीतपुस्तकांचा विषय निघाला की सगळे याचे गोडवे गातात. मला ते पटत नाही. पुस्तकाचा चौकोनी आकारच मुळी क्रेनला टाइल्सवरून सुचलेला, आणि पानंही तशीच दिसतात: चहूबाजूंनी नक्षी, मधे स्वरलिपी कोंडलेली. वाजवणाऱ्याची नजर स्वरलिपीच्या पाच रेघांवर ठरतच नाही. १८४८ मध्ये संगीतकार शूमानच्या 'अल्बम फॉर द यंग' या पियानोरचनांच्या पुस्तकाला चित्रकार लुडविग रिश्टरनं शीर्षकपान सजवून दिलं, आत नुसते स्वर. मुलांना संगीत द्यायचं तर असं.

काळीपाच : ताई, पुस्तक कुणासाठी ते बघा ना! शूमानच्या रचना मुलांनी स्वतः वाजवायच्या. क्रेनचं पुस्तक उघडून पियानोवर बसणार घरातलं मोठं माणूस. मूल शेजारी उभं राहून गाणार. त्याला स्वरलिपी कुठे वाचता येते? ते चित्रच वाचतं. पाच शिलिंग किंमत आणि सोनेरी वर्ख नाही म्हणून पुस्तकविक्रेत्यांनी नाकं मुरडली होती, तरी पहिल्या दहा हजार प्रती हातोहात खपल्या.

समेवर : खप झाला म्हणून गाणं नीट वाचता येतं असं होत नाही. दहा हजार घरांत पुस्तक पोचलं, एवढंच त्यातून कळतं.

पानवेडा : क्रेनची चौकट दाट आहे, हे मलाही मान्य. पण दोष चित्राचा नाही, मांडणीचा. १८८३ चं चित्रकार बूते द मॉन्व्हेलचं फ्रेंच गाण्यांचं पुस्तक बघा, पियानोची साथ संगीतकार विडोरनं लिहिलेली. बारीक रेषा, फिके सपाट रंग, मोकळा कागद. स्वरांना श्वास घ्यायला जागा मिळते.

समेवर : मॉन्व्हेल मलाही आवडतो. कारण तो आवरतं घेतो, म्हणजे माझंच म्हणणं झालं.

काळीपाच : मग १९१३ च्या 'खेळण्यांची पेटी'चं काय? गोष्ट आणि चित्रं आंद्रे एल्लेची, त्यांवरून संगीतकार देब्युसीनं आपल्या मुलीसाठी पियानोसंगीत लिहिलं. चित्रं नसती तर ते स्वर जन्मालाच आले नसते.

समेवर : देब्युसीला चित्रांतून सुचलं, हे खरंच. पण तो रचणारा होता. वाजवायला शिकणाऱ्या मुलासमोर मी अजूनही बिनचित्रांचंच पान ठेवेन.