मदत हवी आहे: अर्थशास्त्रात एमए कुठून करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले, कोरडवाहू शेती. धाकटी बहीण बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेचणीची मजुरी किलोमागे किती वाढली आणि कापूस काय भावानं गेला, हे ती 3 हंगामांपासून वहीत मांडते. यावरच तिला पुढं संशोधन करायचं आहे.

अमरावती विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ की पुण्याची गोखले संस्था? अडचण गणिताची, बारावीला घेतलंच नव्हतं. अर्थमिती (आकडेवारी आणि गणितानं आर्थिक प्रश्न तपासायचा विषय) झेपायला आधी काय वाचावं? घरचे म्हणतात बीएड कर. मला पटत नाही. प्राध्यापक व्हायला नेट-सेट या पात्रता परीक्षा आहेतच, एमएनंतर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षाही देता येते. या तीन ठिकाणी शिकलेल्यांनी प्राध्यापक कसं शिकवतात ते सांगा, वसतिगृहाचा खर्चही.