मदत हवी आहे: शाळकरी कॉमेडी सिनेमाचं संगीत नाटक, हिरोचा आवाज फुटतोय

आमचा पुण्यातला हौशी ग्रुप एका टीनएज कॉमेडी सिनेमाचं दोन अंकी संगीत नाटक बसवतोय. हक्कांची लेखी परवानगी आहे, प्रयोग भरत नाट्य मंदिरात.

अडचण कास्टिंगची. हिरो चौदाचा, टायमिंग अफलातून, पण आवाज फुटतोय. काळी दोनमध्येही (पेटीची दुसरी काळी पट्टी ‘सा’ धरून) वरच्या ‘सा’ला चिरकतो. हिरोईन काळी चारवाली. युगुलगीत खाली आणलं तर ती खर्जात पुटपुटते. मोठा मुलगा घेऊन पाहिला, शाळकरी वाटेना, विनोदच मेला.

ट्रॅकवर ओठ हलवणं नको. पेटी-तबला-कीबोर्ड लाइव्ह आहेत. त्याच्या ओळी गद्यात, तालावर बोलून घ्याव्यात, की पंडित जसराजांच्या जसरंगीसारखे (गायक-गायिका आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग एकत्र गातात ती जुगलबंदी) दोघांचे ‘सा’ वेगळे ठेवावेत? नवख्या मुलांकडून हे कुणी करून घेतलंय का?