वॉकिंग विथ डायनोसॉर्स, तेव्हाची आणि आताची : तुमचे अनुभव लिहा

बीबीसीची 'वॉकिंग विथ डायनोसॉर्स' पहिल्यांदा दाखवली गेली ऑक्टोबर १९९९ मध्ये. मे २०२५ मध्ये ती त्याच नावाने परत आली. दोन्ही वेळा सहाच भाग, पण घडण अगदी निराळी. जुन्या मालिकेत केनेथ ब्रॅनाचा आवाज होता आणि पडद्यावर एकही माणूस नव्हता. नवीत बर्टी कार्व्हेलचं निवेदन आहे, दर भागात एकाच प्राण्याची गोष्ट आहे आणि मधूनमधून आपण उत्खननाच्या जागी जातो.

परीक्षणं भरपूर आली आहेत, ती इथे नकोत. कोणतं दृश्य मनात राहिलं आणि ते पाहिल्यावर तुम्ही कशाच्या मागे लागलात, ते लिहा. माझं विचाराल तर या मालिकेने डायनोसॉरला राक्षसाच्या जागेवरून उठवलं आणि जनावर केलं. भुकेलं, आजारी पडणारं, पिल्लांना जपणारं जनावर. ती ओढ मला अजून आहे, म्हणूनच हा धागा. (प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रानवाट

मी पक्षी बघत फिरणारी बाई. जुन्या मालिकेचा पहिला भाग मला पाठ आहे. त्यात पोस्टोसुकस नावाची मोठी शिकारी मादी आहे. खरं तर ती डायनोसॉर नाहीच, मगरींच्या दूरच्या नात्यातली. प्लेसेरियास या शाकाहारी प्राण्याच्या सुळ्याने तिची मांडी फाटते आणि ती लंगडायला लागते. मग दुसरा पोस्टोसुकस येतो, तिच्या हद्दीत मुततो आणि तिला हुसकावून लावतो. पुढे ती मरते आणि तोवर तिच्यापासून पळणारे चिमुकले सीलोफायसिस डायनोसॉर तिला खायला येतात.

एवढं सगळं घडतं, पण कुणी दुष्ट नाही की कुणी नायक नाही. निवेदकही वाघ-हरणांबद्दल बोलावं तितक्याच शांतपणे बोलतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्राणी हद्दीसाठी झगडतो हे पाहिलं आणि मी समोरच्या कोतवाल पक्ष्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. पक्षी हे डायनोसॉरच आहेत हे वाक्य नंतर शंभर ठिकाणी वाचलं, पण मला ते आधी दिसलं होतं.

निळा पडदा

मी व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये काम करतो, तेव्हा थोडं पडद्यामागचं लिहितो.

१९९९ ची सगळी संगणकीय जनावरं लंडनच्या फ्रेमस्टोअर कंपनीने केली. 'जुरासिक पार्क'ने १९९३ मध्ये हे तंत्र दाखवलं होतं, पण त्यात डायनोसॉर पडद्यावर मोजकीच मिनिटं होते. इथे मालिकेचा निर्माता टिम हेन्स याच्या चमूला टीव्हीच्या पैशांत तासन्‌तास ते दाखवायचे होते. म्हणून जवळून दिसणारी डोकी, जबडे, पाय हे क्रॉली क्रीचर्सने बनवलेले यांत्रिक बाहुले होते. रबराची कातडी, आत तारा आणि मोटारी, वरून लाळेसाठी चिकट द्रव. आजही फ्रेम थांबवून बघा, ओल्या डोळ्यावर पडलेला उजेड खरा आहे. तो उजेड खऱ्याच वस्तूवर पडलाय.

त्याहून अवघड होती जागा. डायनोसॉरांच्या काळात आजच्यासारखी गवताळ माळरानं नव्हती, त्यामुळे ज्या चौकटीत गवत दिसेल ती बाद. गवत नसलेलं रान शोधत हे लोक न्यू कॅलेडोनिया, चिली, टास्मानिया, न्यूझीलंड, कॅलिफोर्नियाचं रेडवूड असे फिरले. चिली आणि न्यू कॅलेडोनियात अरौकारियाची झाडं अजून उभी आहेत, त्या कुळाची पाळंमुळं थेट त्या काळात जातात. मग रिकाम्या रानात कॅमेरा फिरवायचा, फांद्या हलवायच्या, पाणी उडवायचं, आणि तिथे नसलेल्या जनावराला नंतर आणून उभं करायचं. नवशिक्यांना मी हीच मालिका बघायला सांगतो. पानं हलली की जनावराला वजन येतं. कातडीवर कितीही तपशील भरा, पायाखालची माती दबली नाही तर सगळं फुकट.

नव्या मालिकेतली जनावरं लोला पोस्ट प्रॉडक्शनची आहेत. कातडी, पिसं, ओलावा, सगळं कितीतरी पुढे गेलंय. तरी स्पायनोसॉरस या पाठीवर शीड असलेल्या डायनोसॉरच्या अंगावरून निथळणारं पाणी बघताना मी हातातलं काम बाजूला ठेवलं, हे आवर्जून नोंदवतो.

मधली सुट्टी

मी विज्ञान शिकवते. जुन्या मालिकेच्या तिसऱ्या भागातला लायोप्ल्युरोडॉन हा समुद्री सरपटणारा प्राणी २५ मीटर लांब आणि १५० टन वजनाचा सांगितला होता. आज त्याची लांबी सहा-सात मीटरच्या आसपास धरतात. अपुऱ्या तुकड्यांवरून सर्वांत मोठ्या शक्यतेवर उडी मारली गेली होती. चौथ्या भागातल्या ऑर्निथोकायरस या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या पंखांचा १२ मीटर विस्तारही असाच फुगलेला.

हे सांगून मुलांना मालिका खोटी होती असं वाटू द्यायचं नव्हतं. म्हणून त्यांना मैदानावर नेलं, खडूने आधी २५ मीटरची रेघ मारायला लावली आणि तिच्या शेजारी सात मीटरची. मुलं दोन्ही रेघांवरून चालली. छोट्या रेघेच्या टोकाशी एक मुलगा आडवा झाला आणि म्हणाला, बाई, हासुद्धा मला खाईलच की! मग आम्ही बसलो आणि एका जबड्याच्या तुकड्यावरून पूर्ण प्राण्याचं माप कसं काढतात, जवळच्या नातेवाइकांशी प्रमाण कसं जुळवतात, त्यावर बोललो. तास कधी संपला कळलंच नाही. शास्त्र बदलतं हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं असतं तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

कुडमुड्या

संगीताबद्दल कुणी लिहिलंच नाही! जुन्या मालिकेतला बेन बार्टलेटचा तो ऑर्केस्ट्रा कानावर पडला की मी अजूनही आहे तिथे थांबतो. नव्या मालिकेचं संगीत वाईट नाही, पण भाग संपल्यावर मला त्यातलं काही गुणगुणता येत नाही. माझ्यापुरता निकाल लागला.

हाडं आणि सांधे

मी हाडांचा डॉक्टर. जुन्या मालिकेच्या यशानंतर २००० मध्ये एक खास भाग आला, तो 'बिग अल' नावाच्या अ‍ॅलोसॉरस या शिकारी डायनोसॉरवर. हा सांगाडा १९९१ मध्ये वायोमिंगमध्ये सापडला, जवळजवळ पूर्ण. त्यातली १९ हाडं मोडलेली किंवा जंतुसंसर्ग झालेली होती. पायाच्या एका बोटातला संसर्ग तर बराच काळ चिघळलेला असावा. भागाची गोष्ट त्या हाडांतूनच काढली आहे: ही बरगडी मोडली तेव्हा काय झालं असेल, हे बोट सुजल्यावर त्याने शिकार कशी केली असेल.

मी रोज एक्स-रे बघतो आणि उलट दिशेने हेच करतो. हाड भरून येताना जो उंचवटा तयार होतो तो खोटं बोलत नाही. पेशंट म्हणतो कधीच लागलं नव्हतं, हाड म्हणतं लागलं होतं. कोट्यवधी वर्षं जुन्या प्राण्यावर तीच वाचणी चालते, हे पाहून मी जीवाश्मांच्या विकारांवरचे लेख शोधून वाचायला लागलो, आणि ते वाचन अजून चालू आहे.

नव्या मालिकेतला एक तपशीलही सांगतो. उघडं पडलेलं हाड जमिनीतून उचलण्याआधी त्याच्याभोवती प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात आणि ते कडक होऊ देतात. माझ्या प्लास्टर रूममध्ये रोज हेच होतं. पट्टी गुळगुळीत करताना अंगठा कसा फिरवायचा, तेही तसंच.

जुनाच बरा

मी विरोधात लिहिणार आहे, रागावू नका.

जुन्या मालिकेचं सगळं बळ एकाच गोष्टीत होतं. ती आपल्याला कधीच बाहेर येऊ द्यायची नाही. सहाव्या भागात टी-रेक्सची मादी जखमी होऊन पडते, पिल्लं शेजारी असतात, आणि मग आकाशातून शेवट येतो. त्या क्षणी कुणी टोपी घालून ब्रश फिरवत आलं असतं तर? नव्या मालिकेत नेमकं हेच होतं. जॉर्ज नावाच्या त्या गॅस्टोनियाच्या, म्हणजे काटेरी चिलखत असलेल्या शाकाहारी डायनोसॉरच्या मागे शिकारी लागतात, माझा श्वास अडकतो, आणि पुढच्या चौकटीत माणसं दगड फोडत असतात. ज्यांना उत्खनन बघायचंय त्यांच्यासाठी वेगळा भाग करा. जुन्या वेळी केलाच होता की निर्मितीवरचा वेगळा कार्यक्रम.

प्राण्यांना नावं देणंही मला पटलेलं नाही. 'क्लोव्हर' म्हटलं की मी तिच्या सुखरूपतेची काळजी करायला लागतो आणि तिच्याकडे ट्रायसेराटॉप्स म्हणून बघायचं विसरतो.

क्लोव्हरची मावशी

दादा, तुमचं म्हणणं समजतं, पण आमच्या घरी नेमकं उलटं झालं. माझी भाची क्लोव्हरचा भाग बघत होती. ते अनाथ पिल्लू आणि मागे टी-रेक्स. तिचा पहिला प्रश्न, यांना कसं कळलं? आणि तेवढ्यात पडद्यावर मोंटानातल्या हेल क्रीकच्या खडकातून हाड बाहेर येताना दिसलं. ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. तिला पिल्लाइतकंच ते हाड आवडलं.

मला स्वतःला सोबेकचा भाग घ्या. स्पायनोसॉरस, मोरोक्को, पिल्लांना सांभाळणारा बाप. शहामृग आणि एमू यांच्यातही नर अंडी उबवतात, त्यामुळे ही कल्पना हवेतली वाटत नाही. पण या प्राण्याची खरी गोष्ट हाडांच्याच प्रवासात आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट स्ट्रोमरने १९१५ मध्ये इजिप्तमधल्या हाडांवरून स्पायनोसॉरसला नाव दिलं. ती हाडं म्युनिकच्या संग्रहालयात होती आणि एप्रिल १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. उरली फक्त चित्रं, छायाचित्रं आणि लेखी वर्णनं. पुढे जीवाश्मशास्त्रज्ञ निझार इब्राहिम आणि सहकाऱ्यांना मोरोक्कोच्या केम केम भागात नवा सांगाडा मिळाला, आणि २०२० मध्ये त्यांनी त्याची वल्ह्यासारखी रुंद शेपटी जगापुढे मांडली. ती शेपटी पाण्यात हलताना दिसते तेव्हा मला १९४४ आठवतं. उत्खनन काढून टाकलं तर तिच्यामागचं एवढं सगळं कुणाला कळणार?

खडकमाळ

थोडंसंच. पॅकिरायनोसॉरस या ट्रायसेराटॉप्सच्या नात्यातल्या डायनोसॉरचा भाग कॅनडातल्या अल्बर्टामधल्या पाइपस्टोन क्रीकवर आहे. ती हाडांनी खच्चून भरलेली जागा १९७४ मध्ये अल लाकुस्टा नावाच्या शाळामास्तरांना सापडली. पुढे २००८ मध्ये तिथल्या प्रजातीला त्यांचंच नाव मिळालं, पॅकिरायनोसॉरस लाकुस्टाय. एक शिक्षक ओढ्याकाठी चालतो आणि त्याला अख्खा कळप सापडतो. मला यापलीकडे काही लिहायचं नाही.

पिसांचा पुरावा

युटाहरॅप्टर या शिकारी डायनोसॉरकडे बघा, दोन मालिकांतलं सगळं अंतर तिथे सापडेल. १९९९ मध्ये तो उघड्या कातडीचा होता, आणि तोही युरोपात फिरणारा, वास्तविक त्याची हाडं अमेरिकेतल्या युटामध्येच मिळाली आहेत. २०२५ मध्ये तो आपल्या युटात परतलाय आणि अंगभर पिसं घेऊन. चीनमधला पिसारलेला सायनोसॉरोप्टेरिक्स १९९६ मध्येच जगासमोर आला होता, पण मालिकेचं काम तोवर सुरू झालेलं. मग २००७ मध्ये त्याच्या नात्यातल्या व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुजण्याच्या गाठी दिसल्या, आणि २०१० मध्ये पिसांतल्या रंगकणांच्या आकारावरून काही डायनोसॉरांचे रंगही कळायला लागले. युटाहरॅप्टरची स्वतःची पिसं अजून खडकात मिळालेली नाहीत. भाऊबंदांवरून काढलेला तो अंदाज आहे, आणि मला तो पक्का वाटतो.

तारीखही सरकली. जुन्या मालिकेत डायनोसॉरांच्या अंताचा काळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा होता, आता सहा कोटी साठ लाख म्हणतात.

धागाकर्ता

'जुनाच बरा', तुमच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. बिग अलचा भाग एकाच जनावराचा आणि एकाच खऱ्या सांगाड्याचा होता. माझ्या मते नवी मालिका १९९९ पेक्षा त्या २००० च्या भागाची वारस आहे. ती तशी पाहिली तर उत्खननाचे तुकडे मला खटकत नाहीत.

आता टी-रेक्सच्या नात्यातल्या अल्बर्टोसॉरसचा, म्हणजे रोझचा भाग कुणी पाहिला असेल तर लिहा. अल्बर्टातली ड्राय आयलंडची ती जागा जीवाश्म शोधणाऱ्या बार्नम ब्राउनला १९१० मध्ये मिळाली, मग विसरली गेली आणि जीवाश्मशास्त्रज्ञ फिलिप करीने १९९७ मध्ये पुन्हा शोधून काढली. लहान-मोठे अनेक अल्बर्टोसॉरस एकाच ठिकाणी. ते टोळीने शिकार करत होते की पूर, दुष्काळ अशा कशाने एकत्र ढकलले गेले, यावर जाणकारांत एकमत नाही. मालिकेने टोळीची बाजू घेतली आहे. मला ती बाजू आवडते, पण पुरेशी वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?