बीएएसएलपीचं पहिलं वर्ष: सुरुवात कुठून करू?

बुलढाण्याचा_प्रथमवर्ष
नमस्कार मंडळी. मुंबईत बीएएसएलपीला (ऐकणं तपासणं आणि वाचा-भाषेचे उपचार यांची पदवी) प्रवेश घेतलाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इथे स्वरयंत्राचे स्नायू, आयपीएची (उच्चार लिहिण्याची आंतरराष्ट्रीय लिपी) चिन्हं, मेंदूतले ब्रोका आणि वर्निके हे भाषेचे भाग असं सगळं एकदम अंगावर आलंय. वर घरचे विचारतात, ‘बोबड्या पोरांना बोलायला शिकवायचं तर चार वर्षं कशाला?’ उत्तर मलाही नीट देता येत नाही. आधी काय पक्कं करू?

वऱ्हाडातली_थेरपिस्ट
घरच्यांना सांग, चारातलं एक वर्ष इंटर्नशिपचं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. एवढ्यावर बहुतेक गप्प बसतात.

आता तुझं. मी अकोल्याकडे असते. माझ्या ओपीडीत बोबडी पोरं येतात, पण आवाज बसलेल्या शिक्षिकाही येतात. वर्षानुवर्षं साठ पोरांवर ओरडून स्वरतंतूंवर गाठी धरलेल्या. लकवा मारलेले आजोबा येतात, त्यांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण आरती सुरू केली की पुढच्या ओळी सुरात म्हणतात. सूनबाईंना वाटतं, म्हातारा नाटक करतोय. तसं नसतं. आरती, अंक, वारांची नावं असलं पाठ झालेलं बोलणं अफेजियात (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्यात) पुष्कळदा टिकून राहतं. मनातलं नवं वाक्य जुळवणं अवघड जातं. ब्रोका या डॉक्टरच्या 1861 च्या रुग्णाकडे ‘टॅन’ हा एकच उच्चार उरला होता, त्याला समजत मात्र बरंच होतं. हे डोक्यात ठेवून तो धडा वाच, चित्रातले भाग आपोआप लक्षात राहतील. याच आजोबांना पाणी पिताना ठसका लागतो का, हे बघणंही आपलंच काम. अन्न-पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. ‘स्पीच’वाल्यांचा गिळण्याशी काय संबंध, असं डॉक्टरसुद्धा विचारतात कधीकधी.

पक्कं करायचं ते हे: उच्चार वेगळा, भाषा वेगळी. पाच वर्षांचा एक मुलगा ‘ताता ताय तलतोय?’ म्हणतो. उच्चार चुकतोय, पण वाक्य पूर्ण आहे, प्रश्न विचारणं जमतंय. दुसरा ‘काका’ अगदी स्वच्छ म्हणतो, पण पाच वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडत नाही. आई-बापाला पहिल्याची काळजी जास्त असते, मला दुसऱ्याची. (तीन वर्षांचं पोर ‘काका’ला ‘ताता’ म्हणालं तर बहुधा वयाप्रमाणे चाललंय. पाचव्या वर्षी मात्र तपासायचं.)

आयपीएला घाबरू नकोस. क-वर्ग ते प-वर्ग म्हणून बघ: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. तक्त्यात हाच क्रम उलटा, ओठांकडून घशाकडे जातो. ‘चमचा’तला आणि ‘चहा’तला च वेगळा, हे तुझ्या कानाला आधीच माहीत आहे, चिन्ह तेवढं शिकायचंय.

आणि तू बुलढाण्याचा म्हणून मुद्दाम लिहिते. माझ्याकडे शाळेची चिठ्ठी येते, ‘याला ळ म्हणता येत नाही.’ पोरगं ‘डोया’, ‘शाया’ म्हणतं. मी आईलाच म्हणायला लावते. तीही ‘डोया’च म्हणते, आजीही. मग थेरपी कसली करायची? ती त्या घरची बोली आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्यांचंही तेच. पुण्या-मुंबईच्या पुस्तकी मराठीवर कान ठेवून तपासणी केलीस, तर अर्धा जिल्हा रुग्ण ठरेल. केस हिस्टरीत ‘घरी कोण, कसं बोलतं’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कानाचा_माणूस
ताईंच्या म्हणण्यात ऑडिऑलॉजीवाल्याची, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्याची भर. उशिरा बोलणाऱ्या मुलाला आजीनं वेखंड उगाळून चाटवलेलं असतं, जीभ चिकटलीय का म्हणून दोन दवाखाने झालेले असतात, आणि ऐकू येतं का हे कुणी तपासलेलं नसतं. आधी कान! पहिल्या वर्षी ऑडिओग्राम (किती ऐकू येतं याचा आलेख) वाचायला शीक. आडव्या अक्षावर 250 ते 8000 हर्ट्झ, उभ्यावर डेसिबल. ‘स’ची ऊर्जा वरच्या वारंवारतांमध्ये असते, त्यामुळे फक्त तिथलं ऐकणं कमी असलेलं मूल हाक मारली की वळतं आणि ‘स’ गाळतं. घरचे छातीठोक सांगतात, ऐकू तर येतं.

अडखळत_बोलणारा
मी थेरपिस्ट नाही, लहानपणापासून अडखळतो. नव्या विद्यार्थ्यांना एवढंच: ‘सावकाश बोल, श्वास घे’ हे आम्ही जन्मभर ऐकलंय. आमचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. थांबा.

बुलढाण्याचा_प्रथमवर्ष
ताई, आमची आजी ‘शाया’च म्हणते! पोस्टिंगला (रुग्णांसोबत प्रत्यक्ष शिकायला) जाताना काय काय लागेल? आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालतं का?

वऱ्हाडातली_थेरपिस्ट
छोटी टॉर्च, हातमोजे, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या, छोटा आरसा. पोरांसाठी साबणाचे फुगे आणि एखादी चावीची गाडी. फ्लॅशकार्डांवर पैसे घालवू नकोस, आधी खेळताना पोर आपणहून काय बोलतं ते जसंच्या तसं लिहून काढ. रेकॉर्डिंग विभागाच्या यंत्रावर, पालकांची लेखी संमती घेऊन. स्वतःच्या मोबाइलवर नको आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नको. तोंडातली टाळू बघायला विसरू नकोस. दुभंगलेली टाळू कधी वरच्या त्वचेखाली लपलेली असते, बोलणं नाकातून येतं आणि पडजीभ दुभागलेली दिसते. अशी दिसली की सिनिअरला हाक मार.