मदत हवी आहे: अंडी राखणाऱ्या वुल्फफिश माशापासून किती लांब राहावं?

नॉर्वेत ट्रॉन्हाइमच्या फ्योर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद, खोल खाडीत) डायव्हिंग करते. १८ मीटर खोल, दगडाच्या कपारीत एक अटलांटिक वुल्फफिश आहे. इथले लोक त्याला स्टाइनबिट म्हणतात. पाणी ८ अंश. नोव्हेंबरात तीनदा गेले, तिन्ही वेळा तो तिथेच, पिवळसर अंड्यांच्या गोळ्याभोवती वेटोळं घालून. म्हणजे नरच, कारण या जातीत राखण तोच करतो.

एरवी त्याच्या दाराशी फोडलेल्या खेकड्यांचा, शंखांचा आणि सी-अर्चिन या गोल, काटेरी समुद्री जिवांच्या काट्यांचा ताजा सडा असतो. आता नवीन एकही कवच नाही. राखणीच्या काळात तो खात नाही हे माहीत आहे आणि अंडी फुटायला काही महिने लागतात हेही. म्हणूनच जीव लागून राहिलाय.

फ्लॅश पहिल्या दिवसापासून बंद ठेवलाय. दुसऱ्यांदा टॉर्च थेट पडला तेव्हा त्याने जबडा उघडला, पण हलला नाही. क्लबमधले दोघे अनुभवी एकमेकांच्या अगदी उलट सल्ले देतात. हात लावायचा प्रश्नच नाही. कॅमेरा तिथे सोडून येण्याची सोयही नाही.

मासेजीवशास्त्र शिकलेल्या किंवा थंड पाण्यात डायव्हिंग करणाऱ्या कोणी सांगाल का: उजेडाने, बुडबुड्यांनी नर अंडी सोडून जातो का? महिन्यातून एकदा, तीन मीटरवरून, मंद उजेडात पाहिलेलं चालेल, की पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिकडे फिरकूच नये?